केडगाव ते नेवासा : चार दिवस, आत्या आणि एक वही

कशासाठी गेलो ते आधी सांगते, कारण हा प्रवास ठिकाणं बघायला केलेला नव्हता. गेल्या जुलैत आईचं मोठं ऑपरेशन झालं, अठरा दिवस हॉस्पिटल, त्यातले सहा आयसीयूत. त्या दिवसांत आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चच्या) लोकांनी आणि बिल्डिंगमधल्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. पण मी काय केलं, तर एक शंभर पानी वही घेतली आणि सगळं लिहीत गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, डबा, ९ दिवस. पाळकसाहेब, ५,०००. शब्बाथ शाळेच्या टीचर, रात्री थांबल्या, ४ वेळा. आणि एक नोंद अशी : रक्त, बी निगेटिव्ह, २ पिशव्या, नाव नाही. रक्तपेढीवाले दात्याचं नाव सांगत नाहीत.

आई घरी आली आणि मी एकेक नोंद फेडायला घेतली. कोणाला साडी, कोणाला मिठाईबरोबर पाकीट, कोणाच्या मुलाला गणित शिकवलं दोन महिने, आणि फेडलं की टिकमार्क. पाळकसाहेबांनी पैसे परत घेतले नाहीत तेव्हा मला चक्क राग आला होता. आणि त्या 'नाव नाही'पाशी मी दरवेळी अडकायचे, रात्री झोपताना आठवायचं.

नाताळच्या करंज्या करताना वही आत्याच्या हाती लागली. तिने चष्मा लावून सगळी वाचली, पहिल्या पानापासून. मग म्हणाली, "हे सगळं त्यांनी तुला उसनं दिलं होतं का गं?" मी म्हटलं, "आत्या, आपल्या घरातून कोणाचा डबा रिकामा परत जात नाही हे तूच शिकवलंयस ना." ती गप्प बसली. दोन करंज्या भरून झाल्यावर म्हणाली, "२६ जानेवारीला जोडून सुट्टी येतेय, मला केडगावला घेऊन चल."

केडगाव म्हणजे आमच्यासाठी पणजीचं गाव. माझी पणजी, म्हणजे आत्याची आजी, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये (निराधार बायका-मुलींचा आश्रम) आणलेल्या मुलींपैकी एक. सात-आठ वर्षांची असेल. गाव कुठलं, आडनाव काय, आईबाप कोण, काही माहीत नाही. आमच्या घराण्याची त्या बाजूची वंशावळ तिथूनच सुरू होते, त्याच्या मागे काहीच नाही.

दिवस पहिला, शनिवार : पुणे ते केडगाव

सकाळी सात वाजता निघालो, माझीच गाडी, सोलापूर रोड. हडपसरचं ट्रॅफिक लागायच्या आत बाहेर पडलं की चौफुल्यापर्यंत रस्ता छान आहे, तिथून केडगाव आत. ट्रेनने यायचं असेल तर पुणे-दौंड लोकल केडगाव स्टेशनला थांबते, ते सगळ्यात स्वस्त आणि सोपं.

एक टीप इथेच देऊन टाकते कारण आमचा त्यात अर्धा दिवस गेला. केडगाव दोन आहेत! एक हे दौंड तालुक्यातलं आणि दुसरं नगर शहराला लागून असलेलं, रेणुकामातेचं मंदिर आहे ते. माझा आतेभाऊ संभाजीनगरहून येणार होता, त्याने मॅपवर नुसतं केडगाव टाकलं आणि अकरा वाजता फोन, "मी पोचलो, तुम्ही कुठे आहात?" तो नगरला पोचला होता. शेवटी त्याला म्हटलं तू तिथेच थांब, आम्हीच उद्या येतो. तर मॅपवर 'मुक्ती मिशन' असं पूर्ण टाका.

दुसरी टीप, आत जायचं असेल तर आधी फोन करून विचारा. तिथे मुली आणि बायका राहतात, ते त्यांचं घर आहे, बघायची जागा नाही. आम्ही आठवडाभर आधी विचारलं होतं, पणजीबद्दल सांगितलं होतं. मोबाईल मी पर्समधून काढलाच नाही.

गेटमधून आत गेल्यावर आत्या एकदम हळू चालायला लागली. सत्त्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण हे त्यामुळे नव्हतं. ती लहानपणी तिच्या आजीबरोबर एकदा आली होती, त्यानंतर आत्ताच. मोठी झाडं, त्यांच्या मागे मोठं देऊळ (आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो), आणि सकाळची थंडी अजून गेली नव्हती, पाचसहा मुली उन्हात बसून एकमेकींच्या वेण्या घालत होत्या.

रमाबाईंनी मुंबईत १८८९ साली शारदा सदन सुरू केलं, विधवांसाठी, ते पुढच्या वर्षी पुण्याला आलं. केडगावची शंभरेक एकर जमीन नंतरची. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, मग १९०० चा गुजरातचा दुष्काळ, आणि तोवर इथे दीड हजार माणसं राहत होती. दीड हजार! एवढ्यांच्या दोन वेळच्या जेवणाचं काय होत असेल याचा विचार करा. आणि वेगवेगळ्या बायकांसाठी वेगवेगळी सदनं, म्हाताऱ्या-आजारी बायकांचं प्रीतिसदन, आंधळ्या बायकांचं बार्तीमी सदन (शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तीमयावरून), आणि ज्या बायकांना तेव्हा समाज 'पतित' म्हणून उंबऱ्याच्या आत घेत नव्हता त्यांच्यासाठी कृपासदन.

कृपासदन. आत्या ते नाव दोनदा म्हणाली. मराठीत आपण हा शब्द इतका वापरून गुळगुळीत केलाय ना, कृपया रांगेत उभे राहा, कृपया चपला बाहेर काढा, तुमच्या कृपेने सगळं ठीक. पण १२५ वर्षांपूर्वी एका बाईला, जिला कोणीच दारात उभं करत नव्हतं, तिला सांगितलं असेल की तू या घरात राहायचं आणि या घराचं नाव कृपा, तेव्हा तिला तो शब्द केवढा वाटला असेल.

पणजीने इथे छापखान्यात काम केलं. मुक्तीचा छापखाना बायकाच चालवायच्या, खिळे (छपाईची उलटी अक्षरं) जुळवण्यापासून बांधणीपर्यंत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं ते याच छापखान्यात छापलं गेलं, पण ते पुस्तक आलं १९२४ ला, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. पणजी तोवर लग्न होऊन नगरला गेलेली, तिच्या वेळेस छोट्या पुस्तिका असायच्या. आत्या सांगते, म्हातारपणीही आजीला उलटी अक्षरं वाचता यायची. आजोबा समोर पेपर वाचत बसले की ही पलीकडून उलटा पेपर वाचून बातम्या सांगायची. आणि तांदूळ निवडताना बोटं अशी चालायची, झरझर, जणू प्रत्येक दाण्याचा एक ठरलेला खण आहे.

दुपारी रमाबाईंच्या कबरीपाशी गेलो. शेजारच्या कट्ट्यावर बसलो आणि आत्याने मला जे सांगितलं त्यासाठीच तिने मला इथे आणलं होतं असं मला आता वाटतं.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर फिरायचं. होतं ते सगळं दानधर्मात घातलं, आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात सापडले. वडील गेले. मग आई मरणाला टेकली, तिला बाजरीची भाकरी खावीशी वाटली, एवढाच तुकडा. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलंय. सोळा वर्षांची मुलगी शेजारच्या एका बाईच्या दारात गेली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. मागायची कधी सवयच नव्हती. नुसती उभी, डोळ्यांतून पाणी. त्या बाईनेच ओळखलं आणि विचारलं, काही खायला हवंय का तुला? तेव्हा कसंबसं तोंडून निघालं, भाकरीचा थोडा तुकडा. बाईने दिला. रमाबाईंना आभाराचा शब्दसुद्धा काढता आला नाही, आणि भाकरी घेऊन गेल्या तर आईला ती खाण्याचं त्राणच उरलं नव्हतं.

"बघ," आत्या म्हणाली, "ज्या बाईने पुढे दीड हजार जणींना जेवू घातलं तिला एक भाकरी मागून घेता येत नव्हती."

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला १८८३ ला, इंग्लंडमध्ये, वाँटेजला. पण १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत (म्हणजे आपल्या श्रद्धेच्या अनुभवकथनात) त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! एवढी विदुषी, कलकत्त्यात पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिलेली, आणि तिलाही वाटत होतं की आपण काहीतरी करून दाखवलं पाहिजे, लायक झालं पाहिजे, मग देव जवळ करेल. तारण, म्हणजे उद्धार, ही देणगी आहे, कमाई नाही, हे समजायला आठ वर्षं. मी लहानपणापासून इफिसकरांस पत्रातलं दुसऱ्या अध्यायातलं ते वचन पाठ म्हणत आलेय, कृपेने तारण, देवाचं दान, कर्मांनी नाही. शब्बाथ शाळेत त्यासाठी बक्षीसही मिळालंय. आणि कपाटात टिकमार्कवाली वही.

तिथे मी काही बोलले नाही. उन्हं उतरली तसे उठलो. रात्री गावात दूरच्या नातेवाइकांकडे मुक्काम, पिठलं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, आणि इतकी थंडी की दोन गोधड्या लागल्या. भाकरी हातात घेतल्यावर आत्या थोडा वेळ तशीच बसून राहिली.

दिवस दुसरा, रविवार : उपासना, गुऱ्हाळ आणि नगर

सकाळी उपासनेला गेलो. गाणी 'उपासना संगीत' या आमच्या गाण्यांच्या पुस्तकातली, ओळखीची, पण इतक्या बायकांच्या आवाजात एकदम ऐकली की अंगावर काटा येतो. पुरुषांचे आवाज जवळजवळ नाहीत. मागच्या बाजूला लहान मुली, त्यातली एक चार वर्षांची असेल, पूर्ण वेळ आत्याच्या स्वेटरचं बटण धरून बसली होती.

उपासनेनंतर एक आजी भेटल्या, दृष्टी नसलेल्या, ऐंशीच्या पुढच्या नक्की. आत्याने त्यांना सलाम केला आणि सांगितलं की माझी आजी इथे वाढली. त्यांनी आत्याचे दोन्ही हात हातात घेतले, बोटं चाचपली, एकेक बोट, मग चेहरा. म्हणाल्या, "म्हणजे तू इथलीच." मग पदराच्या टोकाची गाठ सोडायला लागल्या. गाठ घट्ट होती, वेळ लागला, मी मदतीला हात पुढे केला तर आत्याने मला डोळ्यांनी थांबवलं. आतून दोन लिमलेटच्या गोळ्या निघाल्या, केशरी, कागद चिकटलेला. एक आत्याच्या तळहातावर, एक माझ्या.

मी लगेच पर्स उघडली. सवयच ती. आजींना चेनचा आवाज कळला असणार, कारण त्यांनी माझा हात शोधून काढला, मूठ बंद केली, वरून स्वतःची मूठ दाबली आणि म्हणाल्या, "खा बाळा, आत्ता खा." बस एवढंच. आत्याला बारा वर्षं शुगर आहे, चहासुद्धा बिनसाखरेचा. तिने तिथेच कागद काढला आणि गोळी तोंडात टाकली. मीही टाकली. गाडीत बसेपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही, तोंडात गोळी होती म्हणूनही आणि नव्हतं बोलता येत म्हणूनही.

केडगावच्या आसपास गुऱ्हाळं भरपूर आहेत, जानेवारीत गेलात तर चुकवू नका. सकाळी दहाच्या आत जा, नाहीतर धूर आणि उकाडा दोन्ही. आम्हाला उशीरच झाला होता पण एक काहील चढलेली होती. चुलवाणात चिपाडं सारणारा एक मुलगा, वर गुळव्या झाऱ्याने मळी काढत होता, भेंडीचं पाणी टाकलं की रस कसा निवळतो ते त्याने आत्याला नीट समजावून सांगितलं आणि आत्या शाळेतल्यासारखे प्रश्न विचारत होती. पाक झाला, वाफ्यात ओतला, आणि घोटत असतानाच त्याने उसाची दोन कांडकी घेतली, गरम गुळात फिरवली आणि आमच्या हातात दिली. जीभ भाजते पण थांबवत नाही. तो गरम गुळाचा वास मी लिहून सांगू शकत नाही. शिवाय पेलाभर रस, शिवाय एका बाटलीत काकवी.

मी विचारलं, "दादा, किती द्यायचे?"

"ह्याचे न्हाई घेत ताई. गुऱ्हाळावर आलेल्याला देत्यात."

"अहो पण काकवी..."

"इकायचा गूळ तिकडं हाय, तो घ्या, त्याचे पैसे देवा. ह्यो खायचा हाय."

मग मी पाच किलोची ढेप घेतली, भाव विचारून, पैसे मोजून. तो व्यवहार त्याने चोख केला, दहा रुपये सुटे परत दिले. आणि काकवीची बाटली वेगळ्या पिशवीत घालून दिली. त्याच्या डोक्यात या दोन गोष्टींचा काही गोंधळच नव्हता, विकायचं ते विकायचं, द्यायचं ते द्यायचं. गोंधळ माझा होता.

दुपारी निघालो, दौंडला भीमा ओलांडली, काष्टी, श्रीगोंदा करत नगर. रस्ता काही पट्ट्यात खराब आहे, अडीच तास धरा. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर, पाखरं राखायला मचाणावर पोरं. नगरला आतेभाऊ वाट बघत होता.

दिवस तिसरा, सोमवार, २६ जानेवारी : नगर

आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं. सकाळी झेंडावंदनाला जाणारी शाळेची मुलं, पांढरे कपडे, कडाक्याची थंडी आणि सगळ्यांच्या तोंडातून वाफा.

नगर आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचं मोठं गाव. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ ला आलं, 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक १८४२ ला इथूनच निघायला लागलं. सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा इथली, जोतीराव फुल्यांनी ती पाहिली होती. ह्यूम मेमोरियल चर्च बघितलं, आतल्या बाकांवर आत्या तिचं लग्न कुठे उभं राहिलं होतं ते दाखवत होती, हा खांब, इथे फुलं, इथे तुझे आजोबा. यातल्या एकेका गोष्टीवर लिहायचं तर वेगळा लेख होईल. मला इथे फक्त टिळकांबद्दल लिहायचंय.

कवी नारायण वामन टिळक इथे राहिले, इथल्या थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवलं. त्यांची आगगाडीची गोष्ट मला माहीत होती पण एका बारकाव्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. १८९३ साल, नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला, गप्पा झाल्या, काव्यावर, धर्मावर, आणि उतरताना त्याने नवा करार हातात दिला. टिळकांनी वाचायला घेतला, डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ ला बाप्तिस्मा. पुढे त्यांनी जी भजनं लिहिली ती आपण आजही गातो, काल केडगावला गायलो त्यातलीही. आणि ज्याने ते पुस्तक दिलं त्याचं नाव टिळकांना पुढेही कधी कळलं नाही.

आतेभाऊ गाडी चालवत हे सांगत होता आणि मी मागच्या सीटवर एकदम ताठ बसले. नाव नाही. म्हणजे टिळकांच्या वहीतही असती तर हीच नोंद असती. परत कोणाला करणार? तो माणूस तर कुठल्या तरी स्टेशनवर उतरून गेला. टिळकांना ते पुस्तक कोणाला परत करायचं नव्हतंच, ते त्यांनी भजनात, कीर्तनात घालून गावोगाव वाटलं.

त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं तर मला त्याहून जास्त भिडतं. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला म्हणून पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, आल्यावरही सोवळं सुटत नव्हतं, दुसऱ्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरायचं नाही. आणि मग एक दिवस विचार करून ठरवलं की यापुढे कोणाच्याही हातचं खाईन, पिईन. दुसऱ्याला पाणी द्यायला हरकत नव्हती कधी. दुसऱ्याच्या हातचं घ्यायचं, तिथे सगळं अडलं होतं.

संध्याकाळी आतेभावाच्या मित्राच्या शेतावर हुरडा. आगटीत भाजलेली कणसं, गरम गरम चोळून, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि केडगावची ढेप फोडून गूळ. हुरडा विकतच्या ठिकाणीही मिळतो, पण कोणी शेतावर बोलावलं तर तिथेच जा, आणि अंधार पडायच्या आत जा, स्वेटर-कानटोपी घेऊन. मित्राची आई एकसारखी माझ्या हातावर दाणे घालत होती, "घे की, लाजती काय." मी हात मागे घेतला नाही. मोजलंही नाही. मला वाटतं जुलैनंतर पहिल्यांदा मी कोणाच्या हातचं खाताना याचं काय करायचं हा विचार केला नाही.

रात्री जेवायला शिपी आमटी होती, नगरला गेलात तर विचारून खा, तिखट असते, सांभाळून.

दिवस चौथा, मंगळवार : वडाळा, नेवासा, घर

संभाजीनगर रोडने निघालो. वडाळा बहिरोबाला दहा मिनिटं थांबलो, मिशनचं जुनं गाव, मिशनरी सॅम्युअल फेअरबँक इथे राहून काम करत होते. आत्याची पहिली नोकरी याच भागातल्या शाळेत, तिला ती विहीर बघायची होती जिथून ती पाणी भरायची. विहीर आहे, पाणीही आहे, रहाट नाही.

नेवाशाला जायचं आत्याचा हट्ट. ती छत्तीस वर्षं मराठी शिकवायची, रोज सकाळी शाळेत पसायदान व्हायचं आणि ती डोळे मिटून म्हणायची. मुलांना अर्थ सांगायची पण ते जिथे म्हटलं गेलं ती जागा तिने पाहिलीच नव्हती, एवढी जवळ असून.

प्रवरेच्या काठी पैस खांबाचं मंदिर आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० ला, ज्ञानेश्वरी सांगितली तो हा खांब. मंगळवार, दुपारची वेळ, गर्दी अजिबात नव्हती. सावलीत चारपाच आजोबा टोप्या मांडीवर ठेवून बसलेले. त्यांनी आम्हाला बसायला सतरंजी सरकवली. कुठले, कोण, विचारलं, आत्याने सांगितलं, आम्ही ख्रिस्ती, पुण्याच्या, आजीच्या गावाला केडगावला जाऊन आलो. एक आजोबा म्हणाले, "या या माउली, बसा." आणि प्रसादाची साखर.

आत्याने तिथे मला शिकवलं, जसं वर्गात शिकवत असेल तसं. पसाय म्हणजे प्रसाद. प्रसाद म्हणजे कृपा. नऊ हजारांवर ओव्या सांगून झाल्या, एवढा मोठा वाग्यज्ञ झाला, आणि शेवटी हे पोरगं, विशीसुद्धा ओलांडली नव्हती, दक्षिणा मागत नाही. म्हणत नाही की मी एवढं केलं, आता एवढं दे. प्रसादाचं दान मागतो. मागणारा स्वतः आहे पण पुढची सगळी यादी बघ, दुष्टांचा दुष्टपणा जाऊ दे, सगळ्यांची मैत्री होऊ दे, ज्याला जे हवं त्याला ते मिळू दे. त्यात स्वतःसाठी काय आहे सांग? मी आठवून बघितलं, काही नाही.

मी ख्रिस्ती आहे, माझी श्रद्धा वधस्तंभापाशी आहे आणि ती तिथेच राहणार. दोन वाटा एकच आहेत असं मी म्हणत नाही, तेवढा माझा अभ्यासही नाही. पण टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, त्याचा अर्थ मला त्या सतरंजीवर बसून थोडा कळला. येशूने शिष्यांना पाठवताना सांगितलं ते बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे, फुकट मिळालंय, फुकट द्या. फुकट या शब्दाला आपल्याकडे मान नाही, फुकटचं पचत नाही म्हणतात, फुकट्या ही तर शिवी आहे. मला ते वचन कायम द्या या शब्दापाशी ऐकू यायचं. मिळालंय हा शब्द मी ऐकतच नव्हते. न घेताच देत सुटले होते, म्हणून ते देणंही फेडणं झालं होतं.

आत्याला साखर पुन्हा खायची नव्हती, तिने कागदात बांधून घेतली.

परतीचा प्रवास नेहमीचा, सुपा, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूरला तासभर अडकलो. (संध्याकाळी पाच ते आठ तो पट्टा टाळा, त्यापेक्षा नगरमध्ये जेवून नऊला निघा.) घरी पोचलो साडेनऊला.

आईसाठी काकवी आणली होती, तिने पोळीबरोबर खाल्ली. उरलेली ढेप दुसऱ्या दिवशी फोडली, एक मोठा तुकडा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दिला. त्यांनी डबा घेतला आणि म्हणाल्या, "थांब गं, डबा रिकामा कसा देऊ," आणि आत जाऊन चिवडा भरून आणला. मी घेतला. चिवडा छान होता.

वही अजून आहे. फाडली वगैरे नाही, सगळी नावं आहेत त्यात, मी आता प्रार्थनेच्या वेळी ती उघडते आणि एकेक नाव घेते. पाळकसाहेबांना भेटून माफी मागितली, त्यांना कशाबद्दल ते आठवतही नव्हतं.

आणि शुक्रवारी ऑफिसमधून लवकर निघून रक्तपेढीत गेले. जुलैत मला आईला सोडून कुठेच जाता आलं नव्हतं, नंतर ते राहूनच गेलं होतं. वजन बघितलं, बीपी बघितलं, बोटाला टोचलं. हिमोग्लोबिन ११.८ आलं. साडेबारा लागतं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई आज नाही घेता येणार, आधी तुमचंच वाढवा, तीन महिन्यांनी या." लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. आत्या रोज सकाळी फोन करून विचारते, गूळ-शेंगदाणे खाल्ले का. खातेय. ढेप अजून दोनेक किलो शिल्लक आहे, एप्रिलपर्यंत पुरेल.